वनौषधी किडनीला निर्धोक आहे, हे नक्की कसं तपासतात?

अबोली | सोमवार, रात्री १०:२०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे फक्त वाचत आलेय, धागा आज पहिल्यांदाच काढतेय. लांबलं तर सांभाळून घ्या.

आमचे आप्पा ६९ वर्षांचे, गोरेगावला असतात. दीड वर्षापूर्वी ओळखीतल्या एकांनी गुडघेदुखीवर एक चूर्ण सुचवलं. सकाळ-संध्याकाळ एकेक चमचा, कोमट पाण्यातून. महिन्याभरात फरक पडला. स्टेशनचा जिना कठड्याला न धरता चढायला लागले. आम्ही सगळेच खूश होतो. मधुमेह असल्यामुळे दर सहा महिन्यांनी त्यांचं रक्त तपासलं जातं, क्रिएटिनिन (किडनीचं काम बिघडलं की वाढणारा रक्तातला आकडा) नेहमी १.१ च्या आसपास. डिसेंबरात १.३ आलं. रिपोर्टवर तो आकडा ठळक छापलेला नव्हता, म्हणून कुणाचं लक्ष गेलं नाही. माझंही नाही. जूनमध्ये ३.४.

अंगावर सूज नाही, लघवीला त्रास नाही. फक्त जेवणावरची वासना गेली होती आणि दुपारी चार वाजता दिवाणावर आडवे व्हायचे. आम्हाला वाटलं उन्हाळा बाधला.

किडनीच्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "आणखी काय काय घेता?" आप्पांनी सगळ्या गोळ्या नावानिशी सांगितल्या, चूर्ण सांगितलं नाही. घरी आल्यावर मी विचारलं तर म्हणाले, "ते कुठे औषध आहे?" दुसऱ्या दिवशी मी डबी घेऊन गेले. बायोप्सी झाली. किडनीतल्या बारीक नळ्या आणि त्यांच्या मधली जागा सुजली होती. चूर्ण बंद केलं, काही आठवडे स्टिरॉइड दिलं. आता १.९ वर आलंय. मूळ जागी येईल असं डॉक्टर म्हणत नाहीत.

डबीवर ११ वनस्पतींची नावं आहेत, प्रमाण एकाचंही नाही. खाली लिहिलंय, "किडनी व यकृतासाठी सुरक्षित, प्रयोगशाळेत तपासलेले." मी फोन केला. उत्तर मिळालं, "हो ताई, उंदरांवर तपासलंय."

आयुर्वेदाविरुद्ध मला काही म्हणायचं नाही. आमची आजी आम्हा भावंडांची सगळी दुखणी स्वयंपाकघरातच बरी करायची. मला फक्त त्या एका ओळीचा अर्थ हवाय. "किडनीसाठी तपासलेलं" म्हणजे नक्की काय केलेलं असतं? इथे कुणी या कामात असेल तर कृपया सांगा.

भायखळा_लोकल | सोमवार, रात्री १०:४१

अबोली, आप्पांना लवकर बरं वाटो. माझ्या सासूबाईंचं जवळपास असंच झालं होतं. त्यांनीही डॉक्टरांना सांगितलं नव्हतं. वाचत राहीन.

शिरीष_ता | सोमवार, रात्री ११:५५

अबोलीताई, मी औषधनिर्माणशास्त्राचा. मुंबईतच १४ वर्षं वनस्पतींच्या अर्कांच्या विषारीपणाच्या चाचण्या करतोय. जमेल तसं सांगतो.

आधी किडनीच का, ते. हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा पाचवा ते चौथा हिस्सा एकट्या या दोन किडन्यांकडे जातो. दिवसाला साधारण १८० लिटर पाणी गाळलं जातं आणि त्यातलं जेमतेम दीड-दोन लिटर लघवी म्हणून बाहेर पडतं, बाकीचं नळ्या परत ओढून घेतात. म्हणजे रक्तात जो पदार्थ पातळ होता तो नळीत आटत आटत दाट होतो. शिवाय नळीच्या सुरुवातीच्या भागातल्या पेशींवर काही वाहक प्रथिनं असतात, ती रक्तातले पदार्थ उचलून थेट पेशीच्या आत घेतात. शरीर साफ ठेवण्याचीच ही सोय, पण विषारी रेणू याच दाराने आत शिरतो.

आता "उंदरांवर तपासलंय". बहुतेक वेळा याचा अर्थ असा की काही उंदरांना २८ दिवस अर्क पाजला, शेवटी रक्तातलं युरिया आणि क्रिएटिनिन मोजलं, किडनीचं वजन केलं, तिचे काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. आंतरराष्ट्रीय नियमावलीत २८ दिवसांची चाचणी आहे, ९० दिवसांचीही आहे. ९० दिवसांच्या चाचणीत प्रत्येक गटात १० नर आणि १० माद्या लागतात. नीट केली तर ही चाचणी चांगलीच आहे. पण तुम्ही त्यांना तीन गोष्टी विचारा.

एक, डोस किती दिला? चमचाभर चूर्ण साधारण ३ ग्रॅम धरू. आप्पा दिवसाला ६ ग्रॅम घेत होते, वजन ६० किलो धरलं तर किलोमागे १०० मिलिग्रॅम. उंदराचं शरीर लहान, त्याचा चयापचय वेगवान, म्हणून माणसाच्या डोसशी बरोबरी करायला तो आकडा ६.२ ने गुणावा लागतो. म्हणजे उंदराला किलोमागे ६२० मिलिग्रॅम दिले तर कुठे आप्पांच्या चमच्याएवढं झालं. सुरक्षिततेची चाचणी म्हटली की त्याच्या कितीतरी वर जायला हवं. किलोमागे १०० मिलिग्रॅम देऊन "माणसाचाच डोस दिला" असं लिहिलेले अहवाल मी स्वतः वाचलेत. तो माणसाच्या डोसाचा सहावा हिस्सा झाला.

दोन, किती दिवस दिला? आप्पांनी दीड वर्ष घेतलं.

तीन, काय मोजलं? क्रिएटिनिन फार उशिरा बोलतं. दोन्ही किडन्या मिळून जवळपास २० लाख नेफ्रॉन, म्हणजे बारीक गाळण्या, असतात. निम्मं काम बंद पडलं तरी उरलेले भार उचलतात आणि क्रिएटिनिन नॉर्मलच्या चौकटीत राहू शकतं. म्हणूनच आप्पांचं १.१ वरून १.३ हे छापील मर्यादेत असूनही बदल होता. माणसाचा आजचा आकडा त्याच्याच जुन्या आकड्याशी ताडून पाहावा लागतो.

नळ्यांना इजा झाली की लघवीत काही प्रथिनं क्रिएटिनिनच्या बरीच आधी दिसतात. किम-१ नावाचं प्रथिन निरोगी किडनीत जवळजवळ नसतंच, नळीची पेशी दुखावली की तयार होतं. २००८ साली अमेरिकेच्या एफडीएने आणि युरोपच्या औषध नियामकाने उंदरांवरच्या अभ्यासांसाठी अशी ७ मोजमापं मान्य केली. किम-१, क्लस्टरिन, सिस्टाटिन-सी, अल्ब्युमिन वगैरे. आपल्याकडे वनौषधींच्या किती अहवालांत ती मोजलेली दिसतात? माझ्या टेबलावर आलेल्यांत फार थोड्या.

उरलेलं उद्या लिहितो, पहाटेची गाडी आहे.

काळापाषाण | मंगळवार, सकाळी ७:१५

शिरीषदादा, माहिती चांगली आहे, पण मला मनापासून एक विचारायचंय. आमच्या घरात तीन पिढ्या काढे घेतले जाताहेत. माझी आजी ९१ वर्षं जगली, शेवटपर्यंत स्वतःचं पाणी स्वतः भरायची. हजारो माणसांनी शेकडो वर्षं घेतलेली वस्तू, तिच्यासाठी २० उंदरांची साक्ष कशाला? माणसांवरची एवढी मोठी चाचणी तर आधीच झालेली आहे.

निर्गुडी | मंगळवार, सकाळी ९:०२

मी वैद्य आहे, २२ वर्षं शिवडीला दवाखाना चालवतेय. अबोली, तुझ्या आप्पांबद्दल वाचून वाईट वाटलं. मला पहिला प्रश्न पडला तो हा की नाडी बघून, प्रकृती विचारून हे चूर्ण दिलं कुणी? कुणीच नाही. ओळखीतल्याने दिलं. ११ द्रव्यांचं मिश्रण मधुमेही माणसाला दीड वर्ष अखंड, मध्ये एकदाही वैद्याची भेट नाही, असं आमच्याकडे कुठे सांगितलेलं नाही.

शिरीषना माझाही एक प्रश्न आहे. तुम्ही लोक वनस्पती अल्कोहोलमध्ये भिजवता, आटवता आणि तो अर्क उंदराला देता. मी रुग्णाला पाण्यात उकळलेला काढा देते. पाण्यात उतरणारी द्रव्यं वेगळी, अल्कोहोलमध्ये उतरणारी वेगळी. मग तुमच्या चाचणीने माझा काढा सुरक्षित ठरतो का? आणि विषारी ठरला तरी तो माझाच काढा का? हे दोन्ही बाजूंनी विचारतेय.

शिरीष_ता | मंगळवार, दुपारी १:३०

निर्गुडीताई, तुमचा मुद्दा अगदी बरोबर आणि तो आमच्या लोकांना वारंवार सांगावा लागतो. रुग्ण जे घेतो तेच तपासायला हवं. काढा असेल तर काढा, चूर्ण असेल तर चूर्ण, भस्म घातलं असेल तर भस्मासकट. हळदीतलं नुसतं कर्क्युमिन तपासून हळदीच्या कॅप्सूलवर "तपासलेलं" लिहिता येत नाही. उलटही तसंच.

काळापाषाण, तुमच्या प्रश्नावर मीही एकेकाळी बराच अडलो होतो. शेकडो वर्षांचा वापर खूप काही सांगतो हे खरं. उलट्या, चक्कर, जुलाब, गर्भपात, तासाभरात किंवा दोन दिवसांत होणारं सगळं परंपरेने नेमकं टिपलेलं आहे. पण जे नुकसान १०-२० वर्षांनी दिसतं ते आजी-आजोबांच्या नजरेतून सुटतं, कारण तोवर वनस्पती आणि आजार यांची गाठ कुणी बांधत नाही.

याचा सगळ्यात मोठा दाखला युरोपातला आहे. डॅन्यूब नदीच्या उपनद्यांकाठी, क्रोएशिया, बोस्निया, सर्बिया, रुमानिया, बल्गेरियातल्या काही ठराविक गावांत शेतकऱ्यांच्या किडन्या हळूहळू आटायच्या. एका घरात चार माणसं, शेजारच्या गावात एकही नाही. १९५० च्या दशकात या आजाराची नोंद झाली. पाणी, बुरशी, आनुवंशिकता, सगळ्यांवर संशय घेऊन झाला. खरं कारण पक्कं व्हायला २००७ उजाडलं. गव्हाच्या शेतात अ‍ॅरिस्टोलोकिया नावाचं तण उगवायचं, त्याचं बी गव्हाबरोबर दळलं जायचं आणि रोजच्या पावात जायचं. पिढ्यान्‌पिढ्या माणसं ती भाकरी खात होती आणि कुणालाही शंका आली नाही.

त्याच कुळातल्या दुसऱ्या वनस्पतीने बेल्जियममध्ये घात केला. ब्रुसेल्सच्या एका वजन कमी करणाऱ्या दवाखान्याने १९९० मध्ये आपल्या गोळ्यांत दोन चिनी वनस्पती घालायला सुरुवात केली. त्याआधी १५ वर्षं त्यांच्याकडे असा त्रास नव्हता. मग तरुण बायकांच्या किडन्या निकामी होऊ लागल्या. १९९३ साली डॉक्टरांनी ते प्रसिद्ध केलं. तपासात कळलं की स्टेफानिया नावाच्या वनस्पतीच्या जागी अ‍ॅरिस्टोलोकिया आली होती. चिनी भाषेत दोघींची नावं जवळजवळ सारखी, एक 'हान फांग ची', दुसरी 'ग्वांग फांग ची'. नावातल्या एका शब्दाच्या फरकाने शंभरावर बायका आजारी पडल्या. पुढे २००० साली आणखी एक अभ्यास आला. किडन्या पूर्ण निकामी झालेल्या ३९ जणींच्या किडन्या आणि मूत्रवाहिन्या काढून तपासल्या, तर १८ जणींना मूत्रमार्गाचा कर्करोग सापडला. गोळ्या बंद करून वर्षं लोटली होती.

या विषाचं नाव अ‍ॅरिस्टोलोकिक आम्ल. मघाशी म्हटलेली वाहक प्रथिनंच त्याला नळीच्या पेशीत ओढून नेतात. आत गेलं की ते डीएनएला चिकटतं आणि तिथे कायमची खूण सोडतं. ती खूण इतकी वैशिष्ट्यपूर्ण असते की अनेक वर्षांनी गाठीतला डीएनए वाचून सांगता येतं की या माणसाच्या पोटात हे गेलं होतं.

निर्गुडी | मंगळवार, दुपारी ३:१०

आपल्याकडची नावंही सांगून ठेवते, कारण वाचणाऱ्यांना अ‍ॅरिस्टोलोकिया म्हणजे परदेशातलं काहीतरी वाटेल. आपल्याकडची ईश्वरी, जिला कोकणात सापसन म्हणतात, तीच या कुळातली. सर्पदंशावर मूळ उगाळून देण्याची जुनी पद्धत आहे. कीडामारीही याच कुळातली, जंतांवर वापरतात. माझ्या दवाखान्यात या दोन्ही मी कधीच ठेवत नाही आणि रुग्णांनी गावाहून मुळी आणली तर काढून घेते. हे मी जाहीरपणे लिहितेय. आमच्या शास्त्रात एकेका कामाला दहा द्रव्यं आहेत, धोक्याचं एक वगळल्याने आमचं काही अडत नाही.

नाव आणि ओळख हा माझा रोजचा त्रास आहे. दादरच्या बाजारात सकाळी गुळवेल म्हणून जे विकतात ते कधीकधी गुळवेलच्या जवळच्या जातीचं असतं. एका जातीच्या खोडावर फोडांसारखे उंचवटे दाटीने असतात, दुसरीची पानं लवदार असतात. वाळवून तुकडे केले की ओळखणं कठीण. करोनाच्या काळात मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेणाऱ्या ६ रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं नोंदवलं, तेव्हा आयुष मंत्रालयाचं म्हणणं हेच होतं की ती खरी गुळवेल होती का हे आधी पाहायला हवं. मला दोन्ही बाजूंचं म्हणणं महत्त्वाचं वाटलं. पण माझ्या मते रुग्णाच्या दृष्टीने प्रश्न तिथेच सुटत नाही. बाजारात गुळवेल म्हणून जे मिळतं तेच तो पिणार आहे.

पुनर्नवेचंही, म्हणजे घेटुळीचंही, तसंच. घेटुळीच्या जागी दुसरंच रानटी रोप येतं. आणि पुनर्नवा "किडनीचं औषध" म्हणून लोक परस्पर घेतात. तिच्यात पोटॅशियम भरपूर. ज्याची किडनी आधीच अधू आहे त्याला पोटॅशियम बाहेर टाकता येत नाही, ते रक्तात साठतं आणि हृदयाचा ठोका बिघडतो. निरोगी माणसाला जे चालतं ते किडनीच्या रुग्णाला चालेलच असं नाही.

ओंजळ | मंगळवार, रात्री ८:४५

मी डायलिसिस विभागात टेक्निशियन आहे, मध्य मुंबईत. निर्गुडीताईंच्या शेवटच्या वाक्यावरून लिहायला बसले.

आमच्याकडे एक गृहस्थ आठवड्यातून तीनदा यायचे, अगदी वेळेचे पक्के. एका शुक्रवारी आले ते उचक्या देतच. साधी उचकी नव्हे, थांबतच नव्हती. मग बोलणं असंबद्ध होऊ लागलं. आमच्या सिस्टरने शांतपणे विचारलं, "कमरख खाल्लं का?" आदल्या दिवशी नातवाबरोबर शाळेबाहेरच्या गाडीवर तिखटमीठ लावलेलं कमरख खाल्लं होतं. अर्धंच फळ. त्यांचं डायलिसिस ताबडतोब आणि लांबवून केलं, ते वाचले. सगळे वाचत नाहीत. कमरखात कॅरॅम्बॉक्सिन नावाचा पदार्थ असतो, तो ब्राझीलच्या संशोधकांनी २०१३ मध्ये शोधून काढला. आपली किडनी तो सहज बाहेर टाकते. किडनी बंद असलेल्या माणसाच्या मेंदूपर्यंत तो पोचतो. उचकी ही पहिली सूचना, पुढे झटके.

हे औषधसुद्धा नाही, साधं फळ आहे. म्हणून मला वाटतं "सुरक्षित" या शब्दापुढे "कोणासाठी" हे लिहायलाच हवं.

बिलिंबीचंही सांगते. आमच्याकडे माशाच्या आमटीत दोन-चार घालतात, त्याने काही होत नाही. पण कोलेस्टेरॉल उतरतं असं ऐकून केरळात काही लोकांनी त्याचा रस काढून पेले भरून प्यायला. तिथल्या ५ रुग्णालयांतून १० रुग्णांची नोंद झाली, किडनी अचानक बंद. ७ जणांना डायलिसिस लागलं. बिलिंबीतलं ऑक्झालेट नळ्यांत खड्यांसारखं जमतं.

मुग्धा_ठाणे | मंगळवार, रात्री ९:२०

ओंजळताई, ऑक्झालेट म्हणालात म्हणून विचारते. मी रोज हळदीच्या दोन कॅप्सूल घेते, सांध्यांसाठी. आईला मुतखडा होता. बंद करू का?

शिरीष_ता | मंगळवार, रात्री ९:५०

मुग्धाताई, हळदीत ऑक्झालेट बरंच असतं आणि त्यातलं बहुतेक विरघळणारं, म्हणजे आतड्यातून सहज रक्तात जाणारं. भाजी-आमटीतली चिमूटभर हळद सोडून द्या, त्याची काळजी नको. रोज ग्रॅमच्या हिशेबात हळदीची पूड पोटात गेली तर लघवीतलं ऑक्झालेट वाढतं हे माणसांवरच मोजलेलं आहे आणि बरेच महिने पूरक म्हणून घेतलेल्या हळदीने किडनी बिघडल्याची प्रकरणंही नोंदलेली आहेत. घरात मुतखड्याचा इतिहास असेल तर डॉक्टरांना डबी दाखवून मगच ठरवा. डबीवर पूड आहे की नुसतं कर्क्युमिन, तेही बघा. दोन्हींत ऑक्झालेटचा फरक पडतो.

जुना परळकर | बुधवार, सकाळी ६:३०

मी निवृत्त माणूस, नोकरीची सगळी वर्षं परळच्या परिसरात प्रयोगशाळा-सहायक म्हणून काढली. चर्चा वाचून राहवलं नाही.

आपल्या मुंबईला या कामाची मोठी परंपरा आहे, ती तरुणांना ठाऊक असावी. सर्पगंधा वैद्यांना शेकडो वर्षं माहीत होती. केईएमचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ती रक्तदाबाच्या रुग्णांवर शिस्तीने वापरून पाहिली, आकडे नोंदवले आणि १९४९ मध्ये ब्रिटिश नियतकालिकात छापले. फायदा नोंदवला, त्रासही नोंदवला. त्यानंतर जगाने सर्पगंधा उचलली. पुढे त्याच केईएममध्ये डॉ. शरदिनी डहाणूकर आणि डॉ. उर्मिला थत्ते यांनी गुळवेलीवर वर्षानुवर्षं काम केलं. वैद्य आणि औषधशास्त्रज्ञ एका टेबलाशी बसले की काय होतं ते त्या काळात जवळून पाहायला मिळालं. वैद्य म्हणायचे, "पावसाळ्यात तोडलेली आणि उन्हाळ्यात तोडलेली एक नाही." आणि शास्त्रज्ञ ते वहीत लिहून घ्यायचे.

माझं काम पिंजरे, खाद्य, वजनं. उंदराने पाणी जास्त प्यायलं, पिंजऱ्यातला भुसा जास्त ओला झाला, तर मी आधी सांगायचो. नळ्या बिघडल्या की लघवी पातळ आणि जास्त होते. रक्ताचा रिपोर्ट यायच्या आधी भुसा सांगायचा.

काळापाषाण | बुधवार, सकाळी ८:०५

परळकरकाका, तुमचा भुशाचा अनुभव वाचून बरं वाटलं. शिरीषदादा, डॅन्यूबचं उदाहरण रात्रभर डोक्यात होतं. माझा मुद्दा मी मागे घेतो असं नाही, पण अर्धा नक्की घेतो. आजी जे काढे घ्यायची ते सर्दीपुरते, तीन-चार दिवस. वर्षभर रोज एकच गोष्ट तिने कधीच घेतली नाही. हा फरक मी धरला नव्हता.

आता एक विचारतो. उंदरांऐवजी माणसाच्या पेशींवर तपासता येत नाही का? ते जास्त अचूक नाही का होणार?

शिरीष_ता | बुधवार, दुपारी २:१५

येतं, आणि होतंही. पण त्यातही एक खाच आहे आणि ती मी स्वतः अनुभवली.

प्रयोगशाळांत सर्रास वापरल्या जाणाऱ्या मानवी किडनीच्या पेशींना एचके-२ म्हणतात. माणसाच्या नळीच्या पेशींपासूनच तयार केलेल्या, १९९४ पासून उपलब्ध. ताटलीत वाढवायच्या, अर्क घालायचा, किती जगल्या ते रंगावरून मोजायचं. स्वस्त आणि झटपट. पण मघाशी सांगितलेली वाहक प्रथिनं, ओएटी-१ आणि ओएटी-३, या पेशींत नसतात. दारच नाही तर विष आत कसं जाणार? अ‍ॅरिस्टोलोकिक आम्लाला शरीरात हीच दारं लागतात, त्यामुळे जे किडनीत थोड्या प्रमाणात घात करतं ते ताटलीत बरंच सौम्य दिसतं. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत असाच एक अर्क मी एचके-२ वर "निर्धोक" म्हणून लिहून मोकळा झालो होतो. वरिष्ठांनी एकच विचारलं, "दार होतं का?" त्या दिवसापासून अहवालात पेशीचं नाव आणि तिच्यात कोणती वाहक प्रथिनं आहेत ते लिहितो. आता वाहकं मुद्दाम बसवलेल्या पेशी मिळतात, काचेच्या चिपवर नळी उभारून तिच्यातून द्रव वाहवतात, तेही चालू आहे. महाग आहे, पण दिशा बरोबर आहे.

उंदीरही कधी उलटा फसवतो. संत्र्या-लिंबाच्या सालीतलं डी-लिमोनीन नर उंदराच्या किडनीत गाठी करतं. मादीत करत नाही, माणसातही नाही. कारण नर उंदराच्या यकृतात एक खास प्रथिन तयार होतं, डी-लिमोनीन त्याला चिकटून किडनीत साचतं. आपल्यात ते प्रथिनच नाही. फक्त नर उंदीर वापरले असते तर लिंबाची साल बदनाम झाली असती.

आणखी एक गोष्ट, जी मला सगळ्यात जास्त खटकते. वनस्पती आणि किडनीवर जे शोधनिबंध निघतात त्यातले ढीगभर "संरक्षणा"चे असतात. उंदराला जेंटामायसिन किंवा सिसप्लॅटिन देऊन किडनी बिघडवायची, सोबत अर्क द्यायचा, बिघाड कमी झाला की "किडनीरक्षक" म्हणायचं. प्रयोग खोटा नसतो. पण १०-१५ दिवस एका विषापासून थोडं वाचवलं म्हणजे निरोगी किडनीला ते दोन वर्षं चालेल असं त्यातून निघत नाही. अबोलीताई, त्या कंपनीला अहवाल मागा आणि तो संरक्षणाचा आहे की सुरक्षिततेचा ते आधी बघा.

निर्गुडी | बुधवार, दुपारी ४:४०

कायद्याचंही सांगते, नाहीतर लोकांना वाटतं की डबीवर परवाना क्रमांक आहे म्हणजे सगळं तपासून झालं. ग्रंथात जसा पाठ आहे तसंच आणि त्याच उपयोगासाठी बनवलेलं औषध असेल तर परवान्याला सुरक्षिततेचा नवा अभ्यास लागत नाही. अबोलीच्या डबीसारखी स्वतः रचलेली मिश्रणं वेगळ्या वर्गात येतात. त्यात औषध नियमांच्या अनुसूची ई-१ मधली विषारी द्रव्यं असतील तर अभ्यास मागतात. वत्सनाभ, कुचला, धोत्रा, बिब्बा त्या यादीत आहेत. बिब्ब्याचं शोधन आम्ही विटेच्या चुऱ्यात करतो, तेल शोषलं जाईपर्यंत. ते न करता वापरला तर काय होतं ते वेल्लोरच्या डॉक्टरांनी १९७९ मध्येच छापलंय. बिब्ब्याच्या चिकामुळे किडनीचा बाहेरचा थरच मेला होता.

धातूंच्या मर्यादा मात्र निव्वळ वनस्पतींच्या सगळ्याच औषधांना आहेत. शिसं १० पीपीएम (दहा लाख भागांत १० भाग), आर्सेनिक ३, कॅडमियम ०.३, पारा १. अबोली, हे तपासून घेता येईल.

अबोली | पुढचा मंगळवार, रात्री ९:१०

सगळ्यांचे किती आभार मानू! आठवड्यात काय झालं ते सांगते.

उरलेलं चूर्ण घेऊन एका मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत गेले. त्यांनी विचारलं, "यात काय शोधायचं?" मी म्हटलं, जे वाईट असेल ते. ते म्हणाले, ताई, असं शोधता येत नाही, प्रत्येक गोष्टीची चाचणी वेगळी असते. बरं झालं हा धागा होता. फोनवर उघडून यादी दिली: चार धातू, अ‍ॅरिस्टोलोकिक आम्ल आणि ओंजळताईंनी व्यक्तिगत निरोपात सुचवलेली वेदनाशामकं, डायक्लोफेनॅक वगैरे, कारण गुडघ्याच्या चूर्णांत ती मिसळलेली सापडतात म्हणे.

आज रिपोर्ट आला. धातू मर्यादेत. अ‍ॅरिस्टोलोकिक आम्ल नाही. वेदनाशामकं नाहीत. मी रिपोर्ट हातात धरून डॉक्टरांसमोर बसले आणि विचारलं, मग झालं कशाने? त्यांनी समजावलं की नळ्यांभोवतीची अशी सूज पुष्कळदा ॲलर्जीसारखी असते. हजारोंना तीच वस्तू पचते, एखाद्याचं शरीर तिच्यावर चालून जातं. डोसशी त्याचा फारसा संबंध नसतो. चूर्ण थांबवल्यावर आकडा उतरला, म्हणून संशय चूर्णावर आहे, पण ११ पैकी कोण ते सांगता येणार नाही.

कंपनीने अहवाल पाठवला. १२ उंदीर, २८ दिवस, सगळे नर, किलोमागे २०० मिलिग्रॅम. शिरीषदादा, मी ६.२ ने हिशेब केला.

शिरीष_ता | पुढचा मंगळवार, रात्री ९:३५

म्हणजे आप्पांच्या डोसाचा तिसरा हिस्सा.

आणि डॉक्टर बरोबर सांगताहेत. हजारात एकाला होणारी ॲलर्जी १२ काय, १२० उंदरांतही दिसणार नाही. मी कितीही नीट चाचणी केली तरी ती माझ्या हातून सुटणार. ती पकडायची एकच जागा, बाजारात आल्यानंतरची नोंद. आयुष औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारी यंत्रणा २०१८ पासून आहे, आयुर्वेद महाविद्यालयांतूनही फॉर्म भरता येतो. तुम्ही भरा. बॅच क्रमांक, किती दिवस घेतलं, क्रिएटिनिनचे तारखांसह आकडे, बायोप्सी, थांबवल्यावर काय झालं. तुमच्याकडे सगळं आहे. असे पाच फॉर्म एकाच नावाचे आले तर कुणाला तरी त्या ११ नावांकडे पुन्हा बघावं लागेल.

निर्गुडी | पुढचा मंगळवार, रात्री ९:५०

अबोली, फॉर्म भरायला अडलीस तर शनिवारी दवाखान्यात ये, आपण दोघी मिळून भरू. वैद्याकडून आलेली नोंद असली की जास्त बरं.

अबोली | पुढचा मंगळवार, रात्री १०:०५

येते ताई, शनिवारी नक्की. डबी आणि सगळे रिपोर्ट घेऊन येईन.

ओंजळताई, एक राहिलंच. आप्पा विचारताहेत, १.९ ला कमरख चालेल का? खाली गाडीवाला आलाय.

ओंजळ | पुढचा मंगळवार, रात्री १०:०८

नाही. एक फोडसुद्धा नाही. पेरू द्या, अर्धा, आणि पोटॅशियमचा शेवटचा आकडा मला निरोपात पाठवा.